तापाची वही

कपाट आवरताना सापडली.
लांबट, दोनशे पानी, पुठ्ठ्यावर झिलू गावड्याचं अक्षर :
'गेट. आत येणारे.'
रद्दीवाला खाली उभा आहे, ताणकाटा हातात.
मी सोसायटीच्या ऑफिसात, स्टुलावर.

तारीख, नाव, फ्लॅट, ताप, सही.
रकाने मीच आखून दिले होते, पट्टीने.
बत्तीस वर्षं पोर्ट ट्रस्टात हिशेब तपासले,
रेघ वाकडी गेली तर मला अजून जेवण जात नाही.

सॅनिटायझरचे थेंब पडून
एप्रिल जागोजाग निळा फुटलाय.
तरी वाचता येतो.

अकरा तारीख. फुलाबाई सोनटक्के, सातवा मजला. ९९.४.
भांडुपच्या खिंडीपाड्यातून मुलुंडपर्यंत चालत आलेली,
पायात नवऱ्याच्या चपला.
'उन्हाचं कपाळ आहे, साहेब,' झिलू म्हणाला,
'सावलीत बसवतो, दहा मिनटांनी परत बघतो.'
मी गॅलरीतूनच हात हलवला.
शेरा : परत पाठविले. पुढे तिचा अंगठा.
परत पाठवलेल्या माणसाचीही सही घ्यावी,
ही सूचना माझी. टाळ्या पडल्या होत्या तेव्हा,
मोबाइलवरच्या मीटिंगमध्ये,
चौकटीचौकटीतून.

त्याच मीटिंगमध्ये ठरलं :
आठव्या मजल्यावरच्या भाडेकरू नर्सबाईंनी
लिफ्ट वापरू नये.
एस्तेर नाव त्यांचं. त्या काही बोलल्या नाहीत.
त्यांची चौकट काळीच होती, ड्यूटीवर असतील.

चौदा तारीख, रात्री पावणेदोन.
अन्वय, पाचवा मजला. माझा मुलगा.
पुण्याहून आला, गाडीतून उतरताना दाराला धरून.
झिलूनं यंत्र कपाळाशी नेलं, मग माझ्याकडे बघितलं,
यंत्र माझ्याकडे वळवलं.
१०१.३.
मी म्हटलं, लिही. ९७.६.
पॉइंट सहासुद्धा सांगितलं.
पूर्ण आकडा खोटा वाटतो, हे मला
बत्तीस वर्षांचा अनुभव होता म्हणून ठाऊक.

एस्तेर जाता-येता पाचव्यावर थांबायच्या.
बोटाला चिमटा लावून आकडा बघायच्या,
पालथं झोपव म्हणायच्या, निघायच्या.
तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, आता लिफ्टनं जा हो.
'सवय झालीय,' म्हणाल्या,
आणि कठड्याला हात न लावता
वर गेल्या.

पोरगा वाचला.

आणि आज हे पान.
रोज सकाळी पहिली ओळ झिलूची स्वतःची असायची,
९८.१, ९७.९, ९८.४, माणसासारखी खालीवर.
सोळा तारखेपासून ९७.६.
सतरा, ९७.६.
अठरा, एकोणीस, वीस,
अक्षर दर दिवशी थोडं उजवीकडे कललेलं,
आकडा तोच.
ताप आल्यास बिनपगारी रजा :
नोटीस गेटवर लावलेली होती. मसुदा कुणाचा, ते सांगायला नको.

पंचवीसला वर्दे काकू गेल्या, सातवा मजला.
ज्यांच्या काळजीनं फुलाबाईला आपण उन्हात वळवलं.
त्यांच्यापर्यंत कोण घेऊन गेलं,
माझ्या दारातून गेलं की गेटवरून,
असा रकाना मी आखला नव्हता.

एकोणतीसपासून अक्षर दुसऱ्याचं आहे.
जूनमध्ये कुडाळहून त्याच्या भावाचा फोन आला होता,
उरलेला पगार कुणाच्या खात्यात, विचारायला.
मी चौदा दिवस वजा करून पाठवला.
हिशेब बरोबर होता. आत्ता पुन्हा केला, बरोबरच येतो.

'साहेब, येताय ना खाली?'

लाल पेन सापडलं.
चौदा तारखेच्या ओळीवर एक रेघ मारली,
वर लिहिलं, १०१.३.
खाडाखोडीशेजारी सही लागते, हे मीच पोरांना शिकवायचो.
पण त्या जागी कागद सॅनिटायझरनं गुळगुळीत झालाय,
शाई धरत नाही.
मी गिरवतोय.
खालून तो पुन्हा हाक मारतोय,
किलोला बारा म्हणतोय.